‘दारू नाय, ताडी घेते’ : गरोदरपणातील मद्यसेवनाचे एक प्रकरण

मी पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एका शासकीय रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करते. येथे मांडलेले प्रकरण ज्या महिलेचे आहे तिची लेखी संमती घेतली आहे. नाव बदलले आहे, आणि गाव ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. तिची जात वा जमातही मुद्दाम लिहिलेली नाही. ताडी आमच्या भागात सगळ्याच समाजांत घेतली जाते आणि ‘त्या लोकांत असेच चालते’ असे एकदा म्हटले की पुढचा विचार थांबतो, हा अनुभव आम्ही अनेकदा घेतला आहे.

पार्श्वभूमी

सुमन २७ वर्षांची होती. नवरा मासेमारीच्या बोटीवर खलाशी असल्याने आठ-दहा दिवस समुद्रावर आणि तीन-चार दिवस घरी असे त्याचे चक्र चाले. सुमन पहाटे चार वाजता बंदरावर मासळी निवडायला जात असे आणि दुपारनंतर बोंबील वाळत घालायला. घरात सासू, आजेसासू आणि चार वर्षांची मुलगी होती. ही दुसरी खेप होती. अकराव्या आठवड्यातच आशाताईंनी, म्हणजे गावातील आरोग्य कार्यकर्तीने, तिची उपकेंद्रात नोंदणी करून घेतली होती, म्हणजे कागदावर पाहिले तर सर्व वेळेवर झाले होते. वजन ४१ किलो आणि हिमोग्लोबिन ८.६ होते. ‘काही व्यसन?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिलेले होते.

हा प्रश्न कसा विचारला गेला ते नंतर कळले. उपकेंद्राच्या ओसरीवर पंधरा-वीस बायका रांगेत बसल्या होत्या, शेजारी सासू होती, आणि सिस्टरांनी वजन घेता घेता विचारले होते, ‘तंबाखू, मशेरी, दारू वगैरे काही नाही ना?’ प्रश्नातच उत्तर दिलेले होते. सिस्टरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण आमच्या बाह्यरुग्ण विभागातही प्रश्न विचारण्याची तीच पद्धत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ वर्षांवरील महिलांमध्ये मद्यसेवनाचे प्रमाण सुमारे १ टक्का आढळले. एवढ्या छोट्या आकड्यामुळे गरोदर बाईला हा प्रश्न विचारणे म्हणजे तिचा अपमान करणे, असे कर्मचाऱ्यांना मनापासून वाटत असते. सरासरीत मात्र एखादी विशिष्ट वाडी किंवा बंदर दिसत नाही.

समस्या कशी लक्षात आली

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची डॉक्टरांकडून तपासणी होते. जानेवारीच्या ९ तारखेला सुमन आली तेव्हा १७ आठवडे पूर्ण झाले होते. रक्तदाब मोजताना स्त्रीरोगतज्ज्ञांना तिच्या बोटांचा कंप दिसला. सकाळचे अकरा वाजले होते आणि थंडी फारशी नव्हती, तरी कपाळावर घाम होता. ‘दारू घेता का?’ असे त्यांनी थेट विचारल्यावर सुमन म्हणाली, ‘दारू नाय, ताडी घेते. ताडी म्हणजे काय दारू नाय.’

ती खोटे बोलत नव्हती, आणि या प्रकरणातील पहिला धडा तिच्या त्याच उत्तरात आहे. सूर्योदयापूर्वी झाडावरून उतरवलेली ताजी नीरा गोड असते आणि तिच्यात मद्यार्क जवळजवळ नसतो. ऊन चढू लागते तशी ती आपोआप आंबते, आणि संध्याकाळपर्यंत तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण बिअरच्या जवळपास पोहोचते. लोक मात्र दोन्हीला झाडाचेच पेय मानतात. ‘थंड असते’, ‘अंगी लागते’, ‘पोट साफ राहते’ अशी तिची ख्याती आहे आणि घरातील वडीलधारी माणसेही गरोदर सुनेला पेलाभर ताडी देताना कचरत नाहीत. अशा घरात ‘दारू’ हा शब्द फक्त बाटलीतल्या देशीसाठी राखून ठेवलेला असतो.

तिची देशीही चालू होती, पण ते त्या दिवशी कळले नाही.

पहिला निर्णय आणि त्यातील चूक

त्या दिवशी ओपीडीत ऐंशीहून अधिक महिला होत्या. सुमनला दोन-तीन मिनिटे मिळाली आणि त्यात तिला सांगण्यात आले : आजपासून थेंबही घ्यायचा नाही, नाहीतर मूल वेडे जन्माला येईल. मी त्या वेळी शेजारच्याच टेबलावर होते. ते वाक्य मी ऐकले, मला ते खटकले, आणि तरीही मी उठले नाही.

सल्ल्याचा पूर्वार्ध वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता. गरोदरपणात मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित असल्याचे सिद्ध झालेले नाही. आईच्या रक्तातील मद्यार्क वारेतून सहज पार होतो आणि थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातही जवळजवळ तेवढाच होतो. बाळाचे यकृत अपरिपक्व असल्याने ते मद्यार्काचे पुरेसे विघटन करू शकत नाही. शिवाय तो गर्भजलात साचून राहतो आणि बाळ ते पाणी पुन्हा गिळते. पुढे सुमनला समजावताना मी हेच साध्या भाषेत सांगितले : तुम्हाला चढते तेवढी बाळालाही चढते, पण त्याची उतरायला जास्त वेळ लागतो. गर्भपात, मृतजन्म, मुदतपूर्व प्रसूती आणि कमी वजन हे धोके वाढतात. बाळाचे अवयव घडण्याचा मुख्य काळ पहिल्या दोन महिन्यांचा असला, तरी मेंदूची घडण नऊही महिने चालू असते. त्यामुळे ‘तीन महिने झाले, आता हरकत नाही’ या समजुतीला आधार नाही.

चूक झाली ती सल्ल्याच्या उत्तरार्धात, आणि जे विचारलेच गेले नाही त्यात. सकाळी हात थरथरतात, घाम येतो आणि काहीतरी घेतल्यावर थांबतो, ही शरीर मद्यावर अवलंबून असल्याची खूण आहे. अशा व्यक्तीने एकाएकी बंद केले तर सहा ते चोवीस तासांत कंप, उलट्या, निद्रानाश सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. गरोदर बाईला झटका आला तर धोका दोन जिवांना असतो. ‘आजपासून बंद करा’ असे सांगून आम्ही तिला घरी पाठवले तेव्हा यातले काहीच पाहिले नव्हते.

सुमनने सल्ला तंतोतंत पाळला. त्या संध्याकाळी तिने काहीही घेतले नाही. दुसऱ्या रात्री अंगाला कापरे भरले, छाती धडधडू लागली, पाणीही पोटात ठरेना, आणि भिंतीवर काहीतरी सरपटते आहे असे तिला वाटू लागले. आजेसासूने बाहेरची बाधा समजून भगताला बोलावले. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीने दिलेला ताडीचा पेला पोटात गेला आणि तासाभरात सगळे शांत झाले. सुमनच्या दृष्टीने यातून एकच गोष्ट सिद्ध झाली : डॉक्टरांचे ऐकल्याने ती मरणाच्या दारात गेली आणि ताडीने वाचली. झटका आला नाही हे केवळ नशीब. पुढचे दहा दिवस ती आशाताईंनाही टाळत होती.

दुसरी भेट

आशाताई बोंबील वाळत घालण्याच्या जागेवर जाऊन तिच्या शेजारी काम करू लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिने त्या दोन रात्रींची हकीकत सांगितली. मग मी आणि आशाताई दुपारी, सासू बाजारात गेलेली असताना, तिच्या घरी गेलो. तेव्हा १९ वा आठवडा संपत आला होता.

या वेळी प्रश्नांचा क्रम आम्ही आधी ठरवला होता. पहाटेच्या थंड पाण्यात उभे राहून पाय दुखतात का, झोप लागते का, भूक लागते का, यांपासून सुरुवात केली. मग ‘आमच्याकडे बऱ्याच बायका अंगदुखीसाठी संध्याकाळी थोडे काहीतरी घेतात, तुम्ही काय घेता?’ असे विचारले. घेता की नाही, असे विचारले नाही. शेवटी ‘ताडी’, ‘देशी’, ‘घरची’, ‘ब्रँडी’, ‘टॉनिक’ अशी एकेक नावे घेऊन माप विचारले.

उत्तर आले ते असे : सकाळी कामावरून आल्यावर आणि दुपारी मिळून ताडीची पाऊण लिटरची एक बाटली, आणि रात्री देशीची नव्वद मिलिलिटरची एक बाटली. ताडीत साधारण ५ टक्के मद्यार्क धरला तर त्या बाटलीतून सुमारे ३० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. आपल्याकडच्या देशी दारूची तीव्रता ४२.८ टक्के असते, त्यामुळे तिच्या नव्वद मिलिलिटरमध्येही तेवढाच ३० ग्रॅम असतो. म्हणजे रोज ६० ग्रॅम, आणि १० ग्रॅमचे एक प्रमाण-पेय मानले तर रोज सहा पेये. ‘ताडी म्हणजे काय दारू नाय’ म्हणणाऱ्या सुमनला मी दोन पेल्यांची चित्रे काढून हे दाखवले तेव्हा ती बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. एवढ्या पाण्यासारख्या पेयातून नव्वदच्या बाटलीएवढीच दारू पोटात जाते, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

तिने त्यावर दोन प्रश्न विचारले. पहिला, ‘हे कागदावर लिहाल का? पोलिसांना कळेल? पैसे बंद होतील?’ महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तिच्या दिराच्या घरी कधीमधी भट्टी लागत असे. त्यामुळे तिची भीती निराधार नव्हती. दुसरा प्रश्न अधिक कठीण होता : ‘मग हे पोर ठेवू का नको?’

निर्णय आणि पर्याय

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणे आधी भाग होते, कारण त्याला मुदत होती. वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. त्यानंतर २४ आठवड्यांपर्यंत तो ठरावीक गटांतील महिलांसाठीच आणि दोन डॉक्टरांच्या मताने होतो. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला स्वतः भेटून तीन गोष्टी सांगितल्या. मद्य पोटात गेलेल्या प्रत्येक बाळाला इजा होतेच असे नाही, आणि कोणाला किती होईल हे आधी कळत नाही. सोनोग्राफीत हृदय, मणका वा चेहऱ्यातील मोठे दोष दिसू शकतात, पण मेंदूच्या कामकाजावरील परिणाम दिसत नाही, म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ याचा अर्थ ‘काहीच झाले नाही’ असा होत नाही. आणि तिसरी गोष्ट, ज्या दिवशी बंद होईल त्या दिवसापासून बाळाचा फायदाच होतो, मग तो विसावा आठवडा असो की तिसावा. निर्णय तिचा आहे, आणि ती जो घेईल त्यात आम्ही तिच्याबरोबर राहू, हेही सांगितले. दोन दिवसांनी तिने गर्भ ठेवायचा असल्याचे कळवले.

ही चर्चा ९ तारखेला झालेल्या ‘मूल वेडे होईल’ या वाक्याच्या छायेत झाली, याची खंत मला आजही आहे. भीतीपोटी तिने तिकडच्या तिकडे गर्भपात करून घेतला असता तर तो निर्णय तिचा म्हणता आला नसता.

मद्य कसे थांबवायचे यासाठी समोर असलेले मार्ग असे होते. घरीच हळूहळू कमी करणे तिला सर्वांत सोयीचे वाटत होते. पण रात्री तिच्याकडे लक्ष देणारे कोणी नव्हते, घरात बाटली येतच होती, आणि बाळाला आणखी कित्येक आठवडे मद्यार्क मिळत राहिला असता. व्यसनमुक्ती केंद्र हा दुसरा मार्ग. पुण्यात मुक्तांगणमध्ये महिलांसाठी स्वतंत्र विभाग आहे, परंतु चार वर्षांची मुलगी मागे ठेवून काही आठवडे तिकडे राहणे तिला शक्य नव्हते, आणि तिला प्रसूतिशास्त्राची सोयही त्याच छताखाली हवी होती. मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत भक्कम होते. ‘वेड्यांच्या वॉर्डात’ जाणार नाही, असे सांगून तिने ते नाकारले. उरले आमचे रुग्णालय. आमच्याकडे प्रसूतिगृह, शस्त्रक्रियागृह आणि रक्तसाठवण होती, पण पूर्णवेळ मनोविकारतज्ज्ञ नव्हते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत आणि एरवी फोनवर उपलब्ध असत.

आमच्यातच मतभेद झाले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे होते की झटका आला तर रात्री दोन वाजता निर्णय घेणारे कोण आहे? प्रश्न रास्त होता. पूर्वी कधी झटका आलेला नाही, ताप वा कावीळ नाही, आणि मुंबईला पाठवण्याचा हट्ट धरला तर ती कुठेच जाणार नाही, या तीन गोष्टी लक्षात घेऊन आम्ही आमच्याच येथे दाखल करण्याचे ठरवले. झटका, गोंधळलेले बोलणे किंवा वाढता ताप दिसताच १०८ च्या रुग्णवाहिकेने हलवायचे, ही अट लिहून कर्तव्यकक्षाच्या भिंतीवर लावली. ज्यांना पूर्वी झटके आले आहेत किंवा ज्यांचे प्रमाण याहून बरेच जास्त आहे, त्यांच्या बाबतीत हा निर्णय चुकीचा ठरला असता.

प्रत्यक्ष कृती

दाखल होताना शेजाऱ्यांना काय सांगायचे, हा प्रश्न आला. हिमोग्लोबिन आता ८.४ होते, म्हणून ‘रक्त कमी आहे, इंजेक्शने द्यायची आहेत’ असे सांगितले. ते खरे होते, आणि अपुरेही होते. मद्यसेवनाची नोंद रुग्णालयाच्या केसपेपरवर सविस्तर केली. सासूच्या हाती असलेल्या माता-बाल कार्डावर मात्र केवळ ‘विशेष देखरेख’ असे लिहिले. गोपनीयतेबाबतचा हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. पोलिसांचा या नोंदीशी संबंध नाही, हे आधीच स्पष्ट शब्दांत सांगितले नसते तर ती पहिल्या मजल्यापर्यंतही आली नसती.

सहा दिवसांचे उपचार मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने झाले. सलाइनमधून ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले गेले. दीर्घकाळ मद्य घेणाऱ्या कुपोषित व्यक्तीला थायमिनशिवाय ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा असतो. कंप आवरण्यासाठीची औषधे कमीत कमी दिवसांसाठी आणि उतरत्या मात्रेत दिली. मात्रा येथे देत नाही, कारण ती प्रत्येक रुग्णापुरती ठरते आणि घरी करून पाहण्यासारखी नसते. दारूचा तिटकारा यावा म्हणून जाहिरात करून विकली जाणारी औषधे गरोदरपणात वापरत नाहीत. तिच्या दिराने तशी एक पुडी आणली होती, ती आम्ही परत पाठवली. दुसरी रात्र कठीण गेली. चौथ्या दिवशी तिने स्वतः भाकरी मागितली. याच मुक्कामात तिची सोनोग्राफी झाली आणि त्यात मोठा दोष दिसला नाही.

खरे काम यानंतरचे होते, कारण ज्या कारणांनी ती प्यायची ती सर्व घरी जशीच्या तशी होती. पहाटेची थंडी, कंबरदुखी, नवरा समुद्रावर असतानाची काळजी आणि घरी आल्यावरची मारहाण. शेवटची गोष्ट तिने रुग्णालयात पाचव्या दिवशी सांगितली, तीही मी न विचारता. नवऱ्याला मी दोनदा भेटले. त्याने स्वतःचे पिणे सोडले नाही, पण बाटली घरात आणणार नाही हे कबूल केले आणि बहुतेक वेळा पाळले. सासूने पहाटेची पाळी स्वतःकडे घेतली. हे मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण तोवर आम्ही सासूला फक्त अडसर समजत होतो. आशाताई पहिल्या महिन्यात एक दिवसाआड आणि पुढे आठवड्यातून एकदा जात. लोहाच्या गोळ्यांनी तिला मळमळ होत असे, म्हणून शिरेतून लोह देण्यात आले.

सत्ताविसाव्या आठवड्यात नात्यातल्या लग्नात, हळदीच्या रात्री, सुमनने दोन पेले ताडी घेतली. दुसऱ्या दिवशी ती आपणहून आशाताईंच्या घरी गेली. या क्षणी कोणी तिला फटकारले असते तर जानेवारीचीच पुनरावृत्ती झाली असती. आशाताईंनी तिला चहा दिला, कंप वा घाम आहे का ते पाहिले, आणि मला फोन केला. आम्ही एवढेच ठरवले की पुढच्या दोन लग्नांना ती मुलीला कडेवर घेऊन जाईल आणि जेवण होताच परतेल. ती आली आणि बोलली, यालाच मी या प्रकरणातील सर्वांत मोठे यश मानते.

परिणाम

मे महिन्याच्या अखेरीस, ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर, आमच्याच रुग्णालयात तिची नैसर्गिक प्रसूती झाली. मुलगा २,२५० ग्रॅमचा होता. तो लगेच रडला आणि तासाभरात अंगावर प्यायला लागला. वजन २,५०० ग्रॅमच्या खाली असल्याने कांगारू पद्धतीने त्याला आईच्या छातीशी ठेवले. अतिदक्षता कक्षाची गरज पडली नाही. प्रसूतीच्या वेळी सुमनचे हिमोग्लोबिन १०.२ होते.

एक धोका आम्ही जवळजवळ विसरलो होतो. बाळंतिणीला थंडी बाधू नये म्हणून तिला रोज दोन चमचे ब्रँडी द्यायची आणि बाळाच्या छातीला लावून बोटभर चाटवायची, असे आजेसासूने ठरवून ठेवले होते. शिवाय बाळंतपणात दशमूलारिष्ट देण्याची रीत होती. आसव-अरिष्टे आंबवूनच तयार होत असल्याने त्यांत मद्यार्क असतो आणि तसे बाटलीवर छापलेलेही असते. दारू सोडून चार महिने झालेल्या बाईसाठी रोजचे ते दोन चमचे परतीची वाट ठरू शकतात, आणि नवजात बाळाला तर एक थेंबही देऊ नये. आजेसासूशी वाद न घालता गावातील वैद्यांना मध्यस्थी करायला सांगितले. त्यांनी अरिष्टाऐवजी ताजा दशमुळांचा काढा सुचवला, आणि वैद्यांचा शब्द तिने मानला. आशाताईंनी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या सर्व गृहभेटी दिल्या आणि प्रत्येक भेटीत ब्रँडीची बाटली कपाटातच आहे ना, हेही पाहिले.

मुलगा आता १४ महिन्यांचा आहे. वजन ८.४ किलो, म्हणजे खालच्या कडेला आहे. तो चालतो, हाक मारल्यावर वळून बघतो, दोन शब्द बोलतो. एवढ्यावरून तो सुखरूप सुटला असे आम्ही म्हणत नाही, कारण लक्ष न टिकणे, गणित न जमणे, रागावर ताबा नसणे यांसारखे परिणाम अनेकदा शाळेच्या वयातच दिसू लागतात. त्याची दर सहा महिन्यांनी तपासणी ठरलेली आहे. सुमन यंदा जूनमध्ये, मासेमारी बंद असल्याने नवरा सलग घरी असताना, चार दिवस पुन्हा प्यायली. पाचव्या दिवशी ती रुग्णालयात आली. त्यानंतर आजपर्यंत घेतलेली नाही.

वेगळे काय करता आले असते

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की प्रत्येक गरोदर महिलेला मद्य व अन्य पदार्थांविषयी शक्य तितक्या लवकर आणि प्रत्येक भेटीत विचारावे. आम्ही अकराव्या आठवड्यात हा प्रश्न एकांतात आणि योग्य शब्दांत विचारला असता तर बाळाचे आठ आठवडे वाचले असते. आता आमच्या ओपीडीत वजनकाटा पडद्याआड हलवला आहे, कारण प्रत्येक बाई तिथे एकटीच जाते, आणि ताडी, माडी, देशी, घरची, ब्रँडी अशी नावे घेऊनच प्रश्न विचारला जातो. विचारण्याआधी ‘आम्ही सगळ्यांनाच विचारतो’ हे सांगितले जाते आणि ते खरे असते. कोणाला सल्ला पुरेसा आहे आणि कोणाला दाखल करावे लागेल, हे ठरवण्यासाठी ‘सकाळी उठल्यावर हात थरथरतात का?’ हा एक प्रश्न आम्ही जोडला आहे. ९ जानेवारीला तो विचारला असता तर त्या दोन रात्री टळल्या असत्या. मारहाणीबद्दलही आम्हीच आधी विचारायला हवे होते.

सर्वांत जास्त बोचते ती तिची थोरली मुलगी. ती १,९०० ग्रॅमची जन्मली होती, चार वर्षांची होऊनही दोन शब्दांपुढे जोडून बोलत नव्हती, आणि अंगणवाडीत एका जागी बसत नव्हती. आम्ही सहा महिने सुमनच्या पोटातल्या बाळाची चिंता करत होतो आणि ही मुलगी प्रत्येक भेटीत तिच्या पदराला धरून आमच्यासमोर उभी होती. फ्रान्समधील नांत येथे पॉल लमॉइन यांनी १९६८ मध्ये मद्यपी पालकांच्या १२७ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. १९७३ मध्ये सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या लक्षणसमूहाला गर्भस्थ मद्य-लक्षणसमूह असे नाव दिले. डोळ्यांची लहान फट, नाक आणि ओठ यांमधील सपाट झालेली खाच, पातळ वरचा ओठ, खुंटलेली वाढ. पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेले हे वर्णन मी पाठ्यपुस्तकात वाचलेले होते, आणि तरीही त्या मुलीचा चेहरा मी पाहिला तो मुलाच्या जन्मानंतर, आशाताईंनी ‘ताई, हिच्या वेळीही असेच होते’ असे म्हटल्यावर.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तिला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले. बालरोगतज्ज्ञांनी तपासून या लक्षणसमूहाची शक्यता नोंदवली. मेंदूला झालेली इजा भरून येत नाही, पण वाचा-उपचार, ठरलेला दिनक्रम आणि शिक्षकांची समज यांनी अशा मुलांचे आयुष्य पुष्कळ सुकर होते, आणि ते जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. आम्ही दोन वर्षे आधी सुरू करू शकलो असतो. मुलगी आता दर गुरुवारी वाचा-उपचाराला जाते आणि चार-पाच शब्दांची वाक्ये बोलते.

केंद्रातील पहिल्या मुलाखतीला मी सुमनबरोबर होते. परिचय झाला, मुलीची जन्मतारीख व जन्मवजन लिहून झाले, आणि उपचारतज्ज्ञांनी गरोदरपणाविषयीचे पान उलटले. त्यांनी अजून काही विचारलेले नव्हते. सुमन म्हणाली, ‘लिहा. ताडी आणि देशी, दोन्ही. रोज. तेव्हा मला कोणी विचारलं नाय.’